काळीच्या पंखाखाली

“वर बघ, तुळजा! वर!”

ही हाक अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची. तंजावरात किल्ल्याच्या खंदकालगत कौलारू घर, छपराच्या पलीकडच्या उतारावर कौलं चाळत बसलेला बाप वेंकोबा, आणि अंगणात पिलं राखायला बसवलेली आठ वर्षांची तुळजा. राखत कसली होती, चिंचोके खेळत होती. तिने मान वर करेपर्यंत सावली अंगणावरून सरकूनही गेली होती आणि सातातली सहाच पिलं आईखाली शिरली होती. बाप खाली उतरला तेव्हा ती म्हणाली, घार वरच्यावर गेली. पिलू नेलं ते मुंगसाने, कुंपणाखालून येऊन. बापाने उन्हाळाभर मुंगसासाठी सापळा लावला. एक सापडलंही, बिचारं. तुळजाने खरं काय ते सांगितलं नाही. बाप गेला तेव्हाही ते तिच्यापाशीच राहिलं.

आज पहाटेपासून ती हाक तिच्या कानात होती. झाडताना, पाणी भरताना, दाणे टाकताना, मध्येच कुणीतरी मागून म्हणे, वर बघ. ती वर बघे. आभाळ जून महिन्यातलं, पांढरं, तापलेलं. त्यात नेहमीच्या घारी. कोवलमच्या वाळूवर मासे सुकायला पडलेले असतात, तेव्हा घारींना तिथून कुठे जायचं असतं?

“अत्ते, तुला कधीपासून हाक मारतेय! कुठे बघतेस?”

फाटकातून हरिप्रिया येत होती. तुळजाच्या भावाची, सेतुमाधवची एकुलती एक मुलगी. कोंबड्यांची डॉक्टर. आत्याला ‘अत्ते’ म्हणायची त्यांच्याकडची रीत तेवढी तिच्या तोंडात टिकली होती; बाकी तिची मराठी चार शब्द चालून दम खायची आणि तमिळवर जाऊन बसायची. आठवडाभर शहरात, वेलचेरीच्या ऑफिसात, आणि शनिवारी बस धरून इथे, सुरूच्या बनातल्या या कुंपण घातलेल्या तुकड्यावर. तुकडा किनाऱ्यावरच्या घरांना कोंबड्या देणाऱ्या तिच्या संस्थेचा होता. तुळजा इथली राखणदार. कोपऱ्यातल्या खोलीत राहायची.

“जेवून निघालीस कां गं?”

“इडली खाल्ली. कृष्णस्वामी सार आले?”

“अजून नाही. इतकी घाई कसाला?”

“घाई कशी नसेल? बारा वाजता हॅचरीचं ऑफिस बंद. त्याच्या आत सार फोन करून ऑर्डर देणार. चारशे पिलं, अत्ते! सोमवारी टेम्पो सुटणार.”

चारशे पिलं, चाळीस घरं, घरटी दहा. सुनामीच्या लाटेत ज्यांचं अंगण धुऊन गेलं अशी चाळीस घरं. आणि कुठल्या जातीची पिलं द्यायची, हे ठरलं होतं ते याच तुकड्यावर.

पोंगलनंतर हॅचरीतून तीन खोकी आली होती. तिन्ही जातींची पिलं यंत्रात उबवलेली, एका दिवसाची, प्रत्येकी वीस. सहा आठवडे शेडमध्ये दिव्याच्या उबेला वाढवायची, मग मोकळी सोडायची आणि बघायचं, उघड्या आभाळाखाली कोण तगतं. लेगहॉर्न पांढऱ्याशुभ्र, डोक्यावर लाल तुरा मिरवणाऱ्या, अंडी घालण्यात पटाईत. पण पांढरा रंग घारीला कोसावरून दिसतो. शिवाय त्यांना संध्याकाळ म्हणजे काय तेच कळेना. अंधार पडला तरी खुराड्याच्या दारातच गर्दी करून उभ्या. मे महिन्याच्या उन्हात चोची उघड्या टाकून धापत बसायच्या. विसातल्या सहा उरल्या. असील उंच, ताठ मानेच्या, झुंजीच्या रक्ताच्या. ऊन पचवलं, साप चोचीने फोडला, पण लहानपणीच सात गेल्या. उरल्या त्या अंडी देणार मोजकी. आणि तिसरी ती तांबडी, हॅचरीने दोन जातींचा मेळ घालून काढलेली. अंगाने भरलेली, अंड्यालाही चांगली. वीसपैकी अठरा जिवंत.

अठरा! हरिप्रियाने तीनतीनदा मोजल्या होत्या. घारीची सावली पडली की तांबड्या क्षणात केवड्याच्या जाळीत दिसेनाशा व्हायच्या, आणि सावली गेली तरी दहा श्वास बाहेर यायच्या नाहीत. हरिप्रिया बघत राहायची. म्हणायची, “अत्ते, यंत्रातून आलेल्या पिलांना हे कोण शिकवतं गं?”

तुळजा खाली मान घालून कोंडा कालवत राहायची.

कोण शिकवतं, ते तिला ठाऊक होतं. कारण शिकवणारी तिनेच आणून बसवली होती.

खोकी आली त्या पहिल्याच संध्याकाळी दिवे गेले. सगळ्या किनाऱ्याचे गेले. दिव्याखालची पिलं एकमेकांवर चढू लागली, चिवचिवाट वाढत वाढत गेला आणि मग, भयंकर म्हणजे, कमी होऊ लागला. तुळजाने गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पांढऱ्यांत ठेवल्या, असीलांवर गोणपाट टाकलं. तांबड्यांसाठी काही उरलं नाही. तिच्या खोलीत तिची स्वतःची जुनी काळी कोंबडी खुडूक होऊन बसली होती, पोटाखाली चार वांझोटी अंडी धरून, तीन आठवडे. तुळजाने फार विचार केला नाही, काळीला अंड्यांसकट उचलून शेडमध्ये आणलं. पोरक्या पिलांना आई जोडून द्यायची रीत तिच्या हाताला पाठ होती. हळदीच्या पाण्यात बोट बुडवायचं, कोंबडीच्या चोचीला लावायचं, त्याच बोटाने पिलांच्या डोक्याला लावायचं, म्हणजे वास एक होतो. अंधारातच, काळी झोपेत असताना, अंडी काढून एकेक पिलू आत सरकवायचं. आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचं, तिची आई म्हणायची तसं,

घारीबाई घारी, नको येऊ दारी
पिले माझी सारी पंखाखाली

काळीने पंख फुगवले, पसरले, आणखी फुगवले. चौदा-पंधरा मावली. बाकीची तिच्या पाठीमागे चिकटून बसली. चिवचिवाट थांबला. कमी होऊन नव्हे, समाधानाने थांबला.

दिवे दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तेव्हाच काळीला उचलून बाजूला करायचं होतं. तुळजाने हात घातलाही. काळीने मनगटावर अशी चोच मारली की रक्त आलं, आणि वीसच्या वीस पिलं एका सुरात रडू लागली. तुळजा म्हणाली, राहू दे आजचा दिवस.

आजचा दिवस सहा आठवडे राहिला. तिसऱ्या आठवड्यात काळी दाराला धडका देऊ लागली, तेव्हा तुळजाने दार उघडलं. मागच्या जाळीच्या अंगणात काळी त्यांना माती उकरायला शिकवायची, वाळवी दाखवायची. घार दिसली की घशातून एक लांब, बारीक, खरखरीत सूर काढायची. पहिल्या दिवशी पिलं नुसती बघत राहिली. काळीने दोघांना टोचलं. तिसऱ्या दिवशी सूर निघाला, तशी वीसही पिलं पालापाचोळ्यात दगडासारखी बसली. तुळजाला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

मात्र शनिवार उजाडला की काळी डालग्याखाली झाकली जायची, खोलीमागे, वर गोणपाट. हरिप्रियाने एकदा पिलांच्या डोक्यावरचा पिवळा डाग बघून विचारलं होतं, हे काय? तुळजा म्हणाली होती, “किडा पडू नये म्हणून लावले औषध.” हरिप्रियाने वहीत लिहून घेतलं. सहाव्या आठवड्यात काळीनेच पिलांना टोचून दूर केलं, त्यांच्याकडे पाठ फिरवली. सगळ्या कोंबड्या करतात तसं. मग झाकायलाही काही उरलं नाही. तांबड्या मोकळ्यावर गेल्या आणि जगल्या.

बिचाऱ्या मुंगसाची तेव्हा तिला पहिल्यांदा आठवण झाली.

“हे बघ,” हरिप्रियाने पिशवीतून बांधलेला अहवाल काढला. शेवटचं पान उघडून बोट ठेवलं. “इंग्लिशमध्ये आहे, पण नाव ओळखशील. तुळजाबाई. देखभाल त्यांनी केली म्हणून, असं लिहिलंय. ऑफिसात लोक विचारतात, तुझी अत्ते शिकलीय काय? मी सांगते, माझ्यापेक्षा जास्त.”

तुळजाने त्या पानावरून बोट फिरवलं. बोटाला कोंड्याचं पीठ होतं. ते अक्षरांवर उमटलं.

“हरी.”

“काय?”

“ती तांबडी... चाळीस घरांत जातील, त्या घरांत खुडूक कोंबडी असेल कां?”

“खुडूक कशाला? पिलं हॅचरीतून येणार, अत्ते. सहा आठवडे वाढवून, सगळ्यांना लस टोचून. आपल्या इथे जगली ना?”

“जगली,” तुळजा म्हणाली.

खरं सांगायचं दार हेच होतं. ते उघडून बाहेर यायला एक वाक्य पुरलं असतं. पण फाटकापाशी स्कूटरचा हॉर्न वाजला आणि कृष्णस्वामी सार आले. संस्थेचे व्यवस्थापक, कपाळाला भस्म, खिशात मोबाईल. स्कूटरच्या मागच्या बाजूला खोकं बांधलेलं. खोक्यात हॅचरीतून आणलेल्या, सहा आठवड्यांच्या दहा तांबड्या.

“शुभारंभाला रिकाम्या हाताने कसं यायचं?” ते तमिळमध्ये म्हणाले. “पहिलं घर अंजलैचं. तिथे सोडू, नारळ फोडू, आणि तिच्याच अंगणातून फोन करू. चला, चला, डॉक्टर.”

अंजलैचं घर वाळूच्या कडेला, नव्या वसाहतीच्या शेवटच्या रांगेत. मध्ये एक अरुंद वाट, तिच्या दोन्ही बाजूंना चटयांवर सुकणारी मासळी. तुळजा मागे चालत होती. मासळीच्या वासाने डोळे चुरचुरतात असं तिने स्वतःलाच सांगितलं. वर तीन घारी होत्या. मग चार.

अंजलैने अंगण शेणाने सारवलं होतं, तांदळाच्या पिठाची मोठी रांगोळी, कोलम, काढली होती. रांगेतल्या वीस-पंचवीस बायका जमलेल्या. अंजलै त्यांच्या गटाची पुढारी, आवाज लाटेवर मात करणारा.

“या, डाक्टरम्मा! या, अक्का! उशीर का? माझा नवरा कालपासून अंडं मागतोय. त्याला वाटतंय पिल्लू उतरल्या उतरल्या आमलेट देईल.”

बायका हसल्या. एक म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला आधी उठायला सांग, मग आमलेट.”

“उठेल गं. बोट येईल तेव्हा उठेल,” अंजलै म्हणाली, आणि तुळजाचा हात धरून तिला सावलीत ओढत हळू म्हणाली, “अक्का, लाटेत माझ्या बारा कोंबड्या गेल्या. माणसं वाचली, मग कोंबड्यांसाठी कुणापुढे रडणार? पण आठवतात. सकाळी उठलं की अंगण मुकं वाटतं. आज बोलेल.”

तुळजाने वाळूवरच्या आभाळाकडे बोट दाखवलं. “अंजलै, घारी फार आहेत गं इथे.”

“असू दे की! तुमच्या तांबड्या शहाण्या आहेत म्हणतात.”

नारळ फुटला, कापूर पेटला. कृष्णस्वामींनी खोक्याची दोरी सोडली. एक एक करून दहा तांबड्या अंगणात उतरल्या. ताज्या, तकतकीत, गुबगुबीत. वाळूकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं. अंजलैने तांदूळ फेकले, तशा सगळ्या कोलमीच्या मधोमध येऊन टिपू लागल्या. बायका वाकून बघत होत्या. कुणी म्हणाली, “रंग बघ, जणू लग्नाची साडी.”

तुळजा वर बघत होती.

एक घार बाकीच्यांतून सुटली होती. तिच्या घिरटीचा गोल मोठा होता, तो लहान झाला. मग पंख न हलवता ती नुसती उतरू लागली, सूर्याच्या बाजूने, जिथून डोळे दिपतात. शेजारच्या घरामागे कुणाचा तरी गावठी कोंबडा होता. त्याने सूर काढला. तोच, लांब, बारीक, खरखरीत. त्या घरच्या चार कोंबड्या एका फडफडाटात चुलाण्याखाली गेल्या.

अंजलैच्या अंगणातल्या दहा तांबड्यांनी माना उचलल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि पुन्हा तांदूळ टिपू लागल्या.

“वर बघा!” तुळजा ओरडली. मराठीत ओरडली. “वर बघा गं, वर!”

हरिप्रियाने चमकून वर बघितलं. पिलांनी नाही. सावली कोलमीवरून गेली, वारा आला, तांदूळ उधळले. आणि घार उठली तेव्हा तिच्या पायांत तांबडं काहीतरी होतं. बायका किंचाळल्या. अंजलैने मासळीची टोपली उचलून घारीमागे भिरकावली. उरलेल्या नऊ पिलांतलं एकही लपलं नाही. चार भिंतीला भिडून उभी, दोन टोपलीकडे बघत, आणि तीन, देवा, अजून टिपत होती.

“झाकून घ्या! झाकून घ्या आधी!” तुळजाने स्वतःच पदर पसरून तिघींना पोटाशी ओढलं. अंजलैने बाकीच्यांवर टोपल्या पालथ्या घातल्या. वर ती घार परत गोल धरत होती, आणि तिच्याबरोबर आता दुसरी.

मग कृष्णस्वामी खाकरले.

“नवी जागा आहे. बिचकली. एक-दोन जाणारच, अहवालातसुद्धा दोन गेलीच आहेत. हो ना, डॉक्टर?”

हरिप्रियाचा चेहरा पांढरा पडला होता. “पण अशी नाही, सार. आमच्या तुकड्यावर एकही असं उभं राहिलं नव्हतं. तीच जात. तीच हॅचरी. तेच वय.” तिने अहवाल उघडला, मिटला. “माझं काही चुकलंय. मोजण्यात... नाही, मोजण्यात नाही. मी काहीतरी बघितलं नाही.”

“तुमचं काही चुकलेलं नाही. हे खोकंच वाईट निघालं असेल. हॅचरीला सांगू, पुढची चांगली निवडून द्या म्हणून.” कृष्णस्वामींनी मोबाईल काढला, डोळ्यांपासून लांब धरून आकडे दाबू लागले. “पावणेबारा. आज सांगितलं नाही तर टेम्पो दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. मग दोन महिने वाट बघत बसा.”

“नको, सार, आत्ताच सांगा,” मागून एक बाई घाईने म्हणाली. दुसऱ्या दोघी-तिघींनी दुजोरा दिला. अंजलै मात्र टोपलीच्या फटीतून आत बघत होती.

हरिप्रिया खाली बसली, तुळजाच्या शेजारी, सारवलेल्या जमिनीवर. हळू, फक्त आत्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, “अत्ते, माझ्याकडून काय सुटलं गं? तू तर रोज होतीस तिथे. आठव ना. काही वेगळं केलं होतं काय आपण?”

‘आपण’ म्हणाली पोरगी.

तुळजाच्या पदरात तीन पिलं धडधडत होती. त्यांचं काळीज तिच्या पोटावर वाजत होतं. ती उबेला आली तशी त्यांनी तिथेच डोळे मिटून घेतले. कुणाच्याही पोटाखाली मिटले असते. तिला वाटलं, आता मराठीत सांगावं, हळूच, हिच्या एकटीच्या कानात. हिने मग काय करायचं ते करावं. सांगितल्यासारखंही होईल आणि अंगणभर होणार नाही. पोरीचं पाच महिन्यांचं काम आहे. शेवटच्या पानावर आपलं नाव आहे, वर कोंड्याचं बोट.

“हॅलो?” कृष्णस्वामी फोनवर म्हणाले. “हो, कोवलमहून बोलतोय. चारशेची ऑर्डर लिहून घ्या...”

वर घारीने वळण घेतलं. सावली पुन्हा कोलमीच्या कडेला आली.

तुळजा उठली. पदरातली पिलं तिने हरिप्रियाच्या ओटीत दिली, आणि बायकांकडे, अंजलैकडे तोंड करून, सगळ्यांना कळेल अशा तमिळमध्ये मोठ्याने म्हणाली,

“थांबा, सार. लिहून देऊ नका. डाक्टरम्माचं काही चुकलं नाही, या खोक्याचंही नाही. माझं चुकलं. आमच्या तांबड्या शहाण्या नव्हत्या, अंजलै. पहिल्याच रात्री दिवे गेले, तेव्हा मी त्यांना माझ्या काळीच्या पंखाखाली घातलं. वीसच्या वीस. सहा आठवडे तिने त्यांना वर बघायला शिकवलं, आणि शनिवारी ही पोर यायची तेव्हा मी काळीला डालग्याखाली झाकून ठेवत होते. डोक्याला औषध लावलंय म्हणून हिला सांगितलं, ती हळद होती. तुझ्या चाळीस घरांत नुसती पिलं येतील, आई कुठून येणार? हरी, मी तुझ्याशी खोटं बोलले गं. दर शनिवारी बोलले.”